आधी पाणी, मग तेल: गंजलेली रायफलची नळी घरच्या सामानानं कशी साफ करावी

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि काकांनी नेहमीप्रमाणे रायफल ठाण्यात जमा केली. आमच्याकडे ७ मेला मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला. रायफल परत हातात आली तेव्हा पाऊस दाराशी येऊन ठेपला होता. काकांनी ती आणली आणि रेक्झिनच्या खोळीतून न काढता तशीच कपाटात उभी केली. जमा करतानाही तेलाचा हात फिरवला नव्हता, आणल्यावरही नाही. आंब्याची बाग साफ करायची, कौलं परतायची, लावणी करायची, त्या गडबडीत बंदुकीकडे कोण बघणार? गणपतीला मी देवगडला गेलो आणि सहज नळीत टॉर्च मारला, तर आत तांबडी धूळ धरलेली. विहिरीच्या जुन्या पाइपातून बघावं तसं दिसत होतं.

ही .३१५ बोअरची, इशापूरच्या कारखान्यातली, बोल्टची रायफल. आजोबांच्या परवान्यावरची, नंतर काकांच्या नावावर आली. आमच्या पंचक्रोशीत बहुतेकांकडे बारा बोअरची एकनळी, काहींकडे अजून ठासणीची बंदूक आहे. रायफल क्वचितच. तरी खाली सांगतो त्यातलं बरंचसं तिन्हींना लागू पडतं, जिथे फरक आहे तिथे तसं सांगेन.

गौरी-गणपती गेल्यावर तीन दिवस आम्ही हे काम केलं. शहरातून महागाचं सॉल्व्हंट मागवलं नाही. बहुतेक सगळं स्वयंपाकघर, गॅरेज आणि रंगाचं दुकान यांतून जमलं.

सुरुवात बंदूक रिकामी करण्यापासून

हे वाचून कंटाळा येईल, पण वर्षानुवर्षं न हाताळलेली बंदूक भरलेली नाही हे कुणालाच खात्रीनं माहीत नसतं. मॅगझिन काढा. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत बघा, मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग बोल्ट पूर्ण काढून बाजूला ठेवा. त्यापुढे स्क्रू खोलत बसू नका, लाकूड उतरवायला जाऊ नका. नळी आणि लाकूड यांची बैठक एकदा बिघडली की नेम बिघडतो, आणि ती परत बसवणं घरचं काम नव्हे.

आता चेंबरच्या बाजूनं नळीत बघा, दुसऱ्या टोकाला पांढरा कागद धरा. उजेड आरपार दिसला पाहिजे. कोकणात इथे एक खास अडचण येते, ती म्हणजे कुंभारीण. ही माशी भिंतीच्या भोकात, पाइपात, कुलपाच्या किल्लीच्या भोकात मातीचं घर बांधते, तशी ती उघड्या नळीतही बांधते. सुकलेली ती माती आत राहिली आणि कुणी गोळी उडवली, तर नळी फुगते किंवा फाटते. मातीचं घर असेल तर ते कोरडं खरवडू नका, कारण त्यातली वाळू नळीला ओरखडे पाडते. कोमट पाण्यानं भिजवून, मऊ करून काढा.

नळीत शिसं किंवा गोळी अडकलेली दिसली, किंवा काडतूस चेंबरमध्ये रुतून बसलं असेल, तर काम तिथेच थांबवा आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे न्या. गजानं ठोकायचं नाही.

ठासणीची असेल तर ही तपासणी आणखी महत्त्वाची. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्याच ठेवून दिलेल्या पुष्कळदा सापडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेट घेते. लाकडाचा बारीक गज तोंडातून हळूच आत सोडा, टेकला की तोंडाशी पेन्सिलीनं खूण करा. मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. त्याचं टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे जिथून दारू पेटते त्या बारीक भोकापर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे असं समजा, हात लावू नका, कारागीर बोलवा.

सगळं काम परवानाधारकाच्या समोर करा. आमच्याकडे काका पडवीत आरामखुर्ची टाकून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी सल्ला देत होते. त्यातला अर्धा चुकीचा होता.

नळीत घाण चार प्रकारची असते

हे समजलं की बाकी सगळं सोपं आहे. नळीतली घाण म्हणजे एकच काळा थर नव्हे. मीठ, काजळी, गंज आणि धातूचा लेप अशा चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींवर बसलेल्या असतात, आणि प्रत्येक वेगळ्या पदार्थात सुटते. एकीचं औषध दुसरीला चालत नाही. लोक चुकतात ते इथेच: सगळ्याला तेल चोपडतात.

मीठ म्हणजे समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारं तर आहेच, पण त्याहून वाईट मीठ बंदूक स्वतःच तयार करते. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मिठाचंच भावंड आहे. हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लोखंड खायला लागतं. काळी दारू जळल्यावर उरणारा राखेचा थरही असाच क्षारांचा, पाणी ओढणारा. आता मीठ तेलात विरघळतं का? फोडणीत मीठ टाकून बघा. खाली बसून राहतं. म्हणजे मिठावर तेल घातलं की मीठ तेलाखाली सुरक्षित राहतं आणि आपलं काम करत राहतं. तेल पाजलेली बंदूक आतून गंजली कशी, याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

हल्लीच्या काडतुसांत क्लोरेट नसतं. पण घरात जुनी काडतुसं वापरली गेली असतील आणि ती कोणत्या टोपीची हे सांगता येत नसेल, तर खारी समजूनच धुवा. धुण्यानं नुकसान काहीच नाही.

सामान

नळी पुसायला जुनं सुती लुगडं किंवा धोतर यांसारखं कापड नाही. शंभर धुण्यांत मऊ झालेलं, धागे न सोडणारं. एन.सी.सी.त असताना आम्हाला ४ बाय २ इंचाची चिंधी साफ करायला आणि ४ बाय दीड इंचाची तेल द्यायला असं शिकवलं होतं. दुसरी थोडी अरुंद, कारण तिनं तेल पुसून न काढता मागे सोडायचं असतं. नायलॉनची साडी, टेरिकॉटचा शर्ट नको, ते पाणी नीट शोषत नाही.

चिंधी आत ओढायला पुलथ्रू लागतो. तो नसेल तर बागेतलं गवत कापायच्या मशीनला लावतात ती नायलॉनची जाड दोरी घ्या. बंदुकीच्या लांबीच्या दीडपट तुकडा कापा, एक टोक मेणबत्तीवर वितळवून त्याची गोळी करा, दुसरं टोक तिरकं कापून टोकदार करा. टोकदार बाजू चिंधीच्या मध्यातून ओवायची, चिंधी गोळीशी अडकते. दोरी ताठ असल्यामुळे चेंबरमधून आत सरकवत नेता येते, तोंडातून बाहेर आली की सरळ ओढायची. या दोरीसाठी चिंधी लहान, दीड इंच चौकोनी पुरते. मासे धरायचं तंगूस मात्र नको. बारीक तंगूस चिंधीतून निसटतं आणि हात कापतं.

ओढताना दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. बंदुकीची गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा होतो, ती एका बाजूला झिजली की नेम गेला. म्हणून दिशा नेहमी चेंबरकडून तोंडाकडे, आणि ओढ अगदी सरळ रेषेत.

एकच वस्तू बंदुकीच्या दुकानातून विकत आणा: आपल्या बोअरचा ब्रॉन्झचा ब्रश आणि तो बसेल असा पितळी किंवा प्लास्टिकचा लेप असलेला गज. .३१५ म्हणजे साधारण ८ मिलिमीटर. याला घरगुती पर्याय मला पटलेला नाही. बाळाच्या बाटलीचा ब्रश फार मऊ पडतो, आणि पडद्याची दांडी, सायकलची तार, छत्रीची काडी यांनी आतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, ओरबाडले जातात.

बाकी यादी अशी: उकळतं पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, नरसाळं आणि त्याला बसणारी फूटभर रबरी नळी, रॉकेल, गॅरेजमध्ये पॉवर स्टीअरिंगसाठी मिळतं ते लाल तेल, थोडं इंजिन ऑइल, बाटलीचं बूच, हातमोजे. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, त्याऐवजी रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. पेट्रोल नको. पडवीच्या कोपऱ्यात काकींची चूल पेटलेली असते, आणि पेट्रोलची वाफ जमिनीवरून सरपटत तिथवर जाते.

पहिला दिवस: पाणी

"खुळावलंस काय रे? बंदुकीत कोण पानी वतता?" काकांची पहिली प्रतिक्रिया. आयुष्यभर पावसापासून जपलेल्या वस्तूत पुतण्या टोपभर पाणी ओतायला निघालाय म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार. पण .३०३ रायफल वापरणाऱ्या ब्रिटिश फौजेची हीच रीत होती: गोळीबारानंतर नरसाळ्यानं नळीत उकळतं पाणी, मग कोरड्या चिंध्या, मग तेल.

पाणी कोणतं हे बघा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. मीठ धुवायला खारं पाणी वापरण्यात अर्थ नाही. आमच्याकडे पावसाळा होता, पागोळ्यांचं पाणी भरून ठेवलं आणि तेच उकळलं. उन्हाळ्यात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, दोन-तीन लिटर पुरे.

रायफलीचं तोंड खाली बादलीत. लाकडावर आणि मागच्या यंत्रावर पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिक गुंडाळा आणि रबरी नळी चेंबरमध्ये नीट बसवा. पहिल्या लिटरात साबणाचे दोन थेंब, पुढचं पाणी साधं. सावकाश ओता. आमच्याकडे पहिलं पाणी बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं होतं, तिसऱ्या लिटरला नितळ झालं. पाणी उकळतंच हवं याची दोन कारणं: मीठ पटकन विरघळतं, आणि नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप उडतो. हात भाजतो, कापडानं धरा.

लगेच, म्हणजे खरोखर लगेच, कोरड्या चिंध्या ओढायला लागा. आपल्या हवेत पावसाळ्यात उघडं ओलं लोखंड बघता बघता तांबूस होतं. चिंधी कोरडी येईपर्यंत ओढा. आमच्या अकरा लागल्या. बोल्टचं तोंडही गरम पाण्यात भिजवलेल्या कापडानं पुसा, कारण टोपीचं मीठ तिथेही बसतं, आणि चेंबरच्या कडा करंगळीवर चिंधी घेऊन पुसा. काच पुसायच्या द्रवानं क्षार मारले जातात असं काही जण सांगतात. मारत बिरत काही नाही. त्या द्रवात जे पाणी असतं तेच मीठ विरघळवतं.

बारा बोअरची असेल तर हे काम फारच सोपं: नळी वेगळी काढता येते, मोरीत उभी धरून धुता येते. ठासणीच्या बंदुकीला तर पाण्यावाचून दुसरं औषधच नाही.

त्याच संध्याकाळी: काजळी

नळी कोरडी झाली की लाल तेल आणि रॉकेल समभाग एकत्र करा, प्रत्येकी ५० मिलिलिटर खूप झालं. अमेरिकेतल्या सी. ई. ऊर्फ एड हॅरिस यांनी अशाच घरगुती मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली, त्यांच्या नावावरून आणि लाल रंगावरून त्याला 'एड्स रेड' म्हणतात. त्यात लाल तेल, रॉकेल, टर्पेंटाइनसारखा द्रव आणि ॲसिटोन असे चार समान भाग असतात. ॲसिटोन फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतं, पण मी ते गाळलं. लाकडाच्या पॉलिशवर एक थेंब पडला तर डाग कायमचा, आणि वाफही जोरदार पेट घेते. त्याच्याशिवायही काम होतं, फक्त थोडा वेळ जास्त लागतो.

ब्रश मिश्रणात बुडवून चेंबरकडून आत घाला आणि तोंडातून पूर्ण बाहेर काढा, मग परत. अर्ध्यात उलटा फिरवू नका. ब्रॉन्झचे केस आतल्या आत मुडपतात आणि ब्रश अडकतो. अशा वीस फेऱ्या. मग ओली चिंधी, मग कोरडी चिंधी. काळं कुळकुळीत निघतं. पुन्हा वीस. काजळी रॉकेलात सुटते, पण जुनी, थरावर थर बसलेली काजळी एका दमात सुटत नाही. म्हणून नळी ओली करून रात्रभर ठेवायची.

रात्रभर मुरवण्यासाठी तोंडाला बूच बसवा आणि चेंबरमधून थोडं मिश्रण ओता. बुचाला लाल सुतळी बांधून ती लोंबती ठेवा, म्हणजे बूच काढायचं कुणी विसरणार नाही. बंदूक तोंड खाली करून उभी ठेवा. यानं तेल मागे यंत्रात आणि लाकडात झिरपत नाही. तेल प्यायलेलं लाकूड मऊ पडतं आणि मग स्क्रू धरत नाही. खाली जुनं वर्तमानपत्र घाला, काही ना काही गळतंच.

दुसरा दिवस: गंज

सकाळी बूच काढून ब्रश घातला तर चिंधीवर काळ्याऐवजी तांबडं यायला लागलं. म्हणजे वरचा थर सुटला, आता गंज उघडा पडला.

इथे मन घट्ट करून एक गोष्ट समजून घ्या. गंज म्हणजे लोखंडावर बसलेली घाण नव्हे, ते लोखंडच आहे, रूप बदललेलं. तो काढता येतो, पण तिथलं लोखंड परत येत नाही. जिथे गंजानं खड्डे पाडले ते खड्डे राहणार. आपलं काम एवढंच की सुटा गंज काढायचा आणि उरलेला थांबवायचा. खड्डे भरून निघेपर्यंत घासायला गेलात तर खड्ड्यांभोवतीचं चांगलं पोलाद घासून टाकाल.

म्हणून पद्धत तीच: मिश्रण, ब्रशच्या वीस फेऱ्या, चिंधी, तासभर थांबणं, पुन्हा. आम्ही दिवसभरात सहा वेळा केलं. घासण्यापेक्षा थांबण्याचा उपयोग जास्त. तेल गंजाखाली शिरायला वेळ घेतं. दुपारच्या जेवणानंतरची झोप या कामाला अगदी पोषक आहे.

एवढ्यानंही खडबडीत लागत असेल तर ००००, म्हणजे सर्वांत बारीक स्टील वूल जुन्या ब्रशवर गुंडाळून, तेलात भिजवून, दहा-पंधरा फेऱ्या. ते नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतं. भांड्यांची हिरवी घासणी मात्र चालत नाही, तिच्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते पोलादापेक्षा कठीण. तारेची घासणी, वाळू, चुलीतली राख, सोडण हे भांड्यांना ठीक. पितळ पुसायच्या ब्रासोबद्दलही सांगतो, कारण पोलीस-एन.सी.सी.तली माणसं हमखास ते सुचवतात. त्यात बारीक घासणारे कण असतात. अगदीच शेवटचा उपाय म्हणून एकदा, दहा फेऱ्या, मग टर्पेंटाइननं पूर्ण धुवून टाकणं, इतपत. दर साफसफाईला ब्रासो म्हणजे दर साफसफाईला नळी थोडी मोठी.

आंबट काही नको

ही चूक कोकणी माणूस फार सहज करेल म्हणून वेगळं लिहितो. तांब्याचा हंडा आमसुलानं नाहीतर चिंचेनं लख्ख होतो हे आपण लहानपणापासून बघतो. काकींनी अगदी प्रेमानं वाटीभर चिंचेचा कोळ आणून दिला. गंज आंबटानं निघतो हे खरंच आहे. पण बंदुकीवरचा काळा-निळा रंग, ज्याला ब्ल्यूइंग म्हणतात, तोही लोखंडाचाच एक ऑक्साइड असतो, गंजाला रोखणारा. आंबट पदार्थ गंज आणि हा रंग यांत भेद करत नाही. दोन्ही खातो, मग खालचं उघडं पोलादही खातो, आणि उघडं पडलेलं पोलाद पहिल्यापेक्षा लवकर गंजतं. चिंच, आमसूल, लिंबू, व्हिनेगर, कोला, सगळं त्यातच आलं.

संडास साफ करायचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच तर बंदुकीच्या जवळपासही नको. दोन्हींतून क्लोरीनचे क्षार मागे राहतात, म्हणजे धुतलेलं मीठ पुन्हा आत. बारा बोअरच्या नळीतलं शिसं काढायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळायची युक्तीही ऐकिवात येते. त्यातून शिशाचं जे संयुग तयार होतं ते पाण्यात विरघळणारं विष आहे, हातातून आणि मोरीतून पुढे जाणारं. शिसं तेल आणि ब्रशनंच काढा.

तिसरा दिवस: तांब्याचा लेप

हा भाग फक्त रायफलीचा. गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा पातळ लेप नळीतल्या पिळांवर बसतो. काजळी आणि गंज निघाल्यावर तोंडाशी टॉर्च मारा, पिळांच्या कडांवर गुलाबीसर-तांबूस चमक दिसली तर तो हाच.

यावर अमोनिया. रासायनिक दुकानात लायकर अमोनिया मिळतं, ते जहाल असतं. एक भाग अमोनियात चार-पाच भाग पाणी घाला, आणि काम अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेलं काही त्या बादलीत, त्या फडक्यावर असता कामा नये, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. ब्रश नायलॉनचा घ्या, पितळी किंवा ब्रॉन्झचा नको, कारण अमोनिया त्यातलंही तांबं विरघळवतो आणि चिंधी निळी आली की नळी अजून घाणच आहे असं वाटत राहतं.

नळी ओली करा, दहा मिनिटं थांबा, त्याहून जास्त नाही. चिंधी ओढा. निळसर-हिरवी आली तर तांबं निघतंय. पुन्हा करा. पांढरी यायला लागली की थांबा, उकळत्या पाण्यानं धुवा, कोरडी करा, तेल द्या. अमोनिया आत ठेवून चहाला जाऊ नका. आमची तिसऱ्या वेळेलाच पांढरी आली. वर्षातून चार गोळ्या उडवणाऱ्या बंदुकीत तांबं ते किती असणार?

शेवटचं तेल

खोबरेल नको. घराघरात असतं, म्हणून हात तिकडेच जातो, आणि काकांनी इतकी वर्षं तेच लावलं होतं. २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, पुसाच्या थंडीत सकाळी बाटलीत पांढरं होतं तसं ते बोल्टमध्येही होतं. शिवाय खाद्यतेलं खवट होतात, चिकट पापुद्रा धरतात. शिलाई मशीनचं तेल बोल्टच्या हालचालीला छान, पण नळीत फार दिवस टिकत नाही. फवाऱ्याच्या डब्यात मिळणारं डब्ल्यू.डी.-४० पाणी हटवायला उत्तम आहे. नावाचा अर्थच तो: पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयत्न, साल १९५३. पण त्याचा थर पातळ, तो पावसाळाभर पुरत नाही.

आम्ही शेवटी इंजिन ऑइल वापरलं. गंज रोखणारी द्रव्यं त्यात मुळातच घातलेली असतात. अरुंद चिंधीवर दहा-बारा थेंब, एकदा आरपार. बाहेरून व्हॅसलीनचा पातळ हात. घामट बोटांचे ठसे पुसून घ्या, घामातही मीठच असतं.

रॉकेलात भिजलेल्या चिंध्या घरात बोळा करून ठेवू नका. अंगणात पसरून वाळवा, मग सावधपणे जाळा. लाकडाला अळशीचं तेल लावलं असेल तर त्या फडक्यांना तर आणखी जपा, ढीग केला की ती आपोआप तापून पेटतात.

तपासणी आणि ठेवण

स्वच्छ झालेल्या नळीत पुन्हा टॉर्च. काळे ठिपके म्हणजे खड्डे. आमच्या नळीत तोंडाकडच्या चार बोटांत ते दिसले, पुढे पीळ स्वच्छ आणि धारदार. ठिपक्यांपेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे आत कुठे अंगठीसारखी गडद सावली दिसणं. तो फुगवटा असतो. बाहेरून बोट फिरवूनही कधी कधी कळतो. सावली, तडा किंवा चेंबरमध्ये खड्डे दिसले तर ती बंदूक कारागिरानं बघितल्याशिवाय उडवायची नाही. आम्ही खड्ड्यांसाठीही दाखवून घेतली. कारागीर म्हणाला, चालेल, पण अशा नळीत घाण लवकर धरते, दर खेपेला धुवा.

रेक्झिनची खोळ काकींनी कोयती ठेवायला नेली. खोळीच्या आतला केसाळ कपडा दमट हवा धरून ठेवतो आणि चार महिने बंदुकीला चिकटवून ठेवतो. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे खोळ फक्त नेण्या-आणण्यापुरती. कुलपाच्या लाकडी कपाटात बंदूक तोंड खाली करून, फेल्टच्या तुकड्यावर उभी. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका: आत ओल अडकते, आणि बोळा विसरून कुणी उडवली तर परिणाम कुंभारणीच्या मातीसारखाच. कुंभारणीसाठी कपाटाच्या फटी बुजवा.

कपाटाच्या तळाशी आम्ही झिरोचा बल्ब लावला. जुना, तारेचा, गरम होणारा. एल.ई.डी.चा झिरो बल्ब इथे काही कामाचा नाही, त्याला ऊबच नसते. कपाटातली हवा दोन-तीन अंश गरम राहिली तरी ओल धरत नाही. वीज जाते तेव्हासाठी सिलिका जेलच्या पिशव्या, महिन्यातून एकदा तव्यावर मंद शेकून पुन्हा वापरायच्या. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एक कोरडी चिंधी ओढायची. पांढरी आली तर पुन्हा तेल देऊन बंद. तांबूस आली तर पुन्हा रॉकेल-लाल तेलापासून.

ठाण्यात जमा करायची वेळ येईल तेव्हा तेल जास्त, आणि बाहेरून व्हॅसलीनचा जाड थर. परत आणल्या दिवशीच पुसून, तपासून, नव्यानं तेल.

एक राहिलं. तेल असलेल्या नळीतून गोळी उडवायची नसते. उडवण्याआधी कोरड्या चिंधीनं नळी पूर्ण पुसून, आरपार बघून घ्यावी लागते. हे लक्षात राहावं म्हणून मी पुठ्ठ्याचा तुकडा ट्रिगरच्या कडीला बांधला, त्यावर स्केचपेननं लिहिलं: 'आत तेल आहे. आधी पुसा.' काकांनी तो उलटसुलट करून बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ह्यां माकाच वाचूक सांगतंस मां?"